पाळकसाहेबांचा कोट

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! दोन विमानं, एक आगगाडी आणि शेवटी एका गृहस्थांची खटारा मोटार, एवढं सगळं करून आम्ही दोघं म्हातारे हातीपायी धड पोचलो. थोरल्या लेकीला फोन केला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. लोक निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळतात आणि तुम्ही परदेशात सेवेला निघालात, अशी तिची महिनाभर कुरकुर चालली होती. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं : नातवंडं सांभाळायला तू आहेस की.

यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी उपदेश केले. मी इस्पितळात नर्स, शेवटी मेट्रन. परदेशातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीला पाळक नाही, वर्षभरासाठी जाल का, असं मिशनने विचारलं. यांनी माझ्याकडे न बघताच हो म्हटलं आणि घरी येऊन मला विचारलं. आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय असेच झालेत, त्यामुळे मी फार वेळ घेतला नाही.

घर मंदिराला, म्हणजे इथल्या चर्चला, चिकटूनच आहे. खाली स्वयंपाकघर, पुढची खोली आणि न्हाणी, वर आमची झोपायची खोली. जिना कुरकुरतो, पण माझे गुडघेही कुरकुरतात, तेव्हा आमचं जमेल. मोटार घेऊन आलेल्या गृहस्थांच्या कमरेला मंदिराच्या किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा आहे की मी त्यांचं नाव किल्लीवाले ठेवून टाकलं. फार अगत्याचा माणूस. इथली भाषा आम्ही शिकून आलोय, पण आमचे हे ती पाढे म्हटल्यासारखी बोलतात, आणि मी हातवारे करून वेळ भागवते.

घरात आणखी एकजण आहेत, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आधीच्या पाळकसाहेबांची बायको. पुढच्या खोलीत असतात. पांढरेशुभ्र केस, गुडघे पार गेलेले, आवाज अगदी मऊ. माझे दोन्ही हात हातात घेऊन बसल्या. साहेब कुठे आहेत, असं मी किल्लीवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, बाहेर गेलेत, येतीलच. कुठे उपचाराला वगैरे गेले असतील.

९ सप्टेंबर

आज पहिली उपासना. मंडळी मोजकीच आणि बहुतेक आमच्याच वयाची. हे उपदेश करताना तीनदा अडखळले, पण लोकांनी समजून घेतलं.

उपासनेआधी एक गंमत झाली. इथली थंडी आत्तापासूनच हाडात शिरते, आणि यांच्याजवळ आपला एक विरलेला स्वेटर. किल्लीवाले पाळकसाहेबांचा काळा लोकरी कोट घेऊन दारात हजर. मिशनच्या शिबिरात आम्हाला पढवलं होतं की पहिलं वर्षभर दारी आलेली भेट नाकारायची नाही, नाहीतर लोकांची मनं तुटतात. यांनी ते एखाद्या सिद्धान्तासारखं पाठ केलंय. घातला कोट! बाह्या बोटांच्या खाली, खालचा घेर पोटऱ्यांपर्यंत. मी म्हटलं, अहो, शेतातलं बुजगावणंही याहून बरं दिसतं. पण ते तसेच मंदिरात शिरले आणि सगळी मंडळी उठून उभी राहिली. पाळकबाई तेवढ्या बसून होत्या. रडत होत्या बिचाऱ्या. नवऱ्याची आठवण आली असणार.

२३ सप्टेंबर

भेटी थांबायचं नाव घेत नाहीत. पाळकसाहेबांचे बूट आले, मग चष्मा, मग दाढीचा वस्तरा. सगळं यांच्यासाठी. माझ्यासाठी कोणी साधा रुमालही आणला नाही, असं मी चिडवलं तर हे हसले. बूट दोन मापं मोठे आहेत, मी टोकाला कागद कोंबून दिला.

आज दुपारी कोटाच्या बाह्या आखूड करायला घेतल्या. सुई ओवली आणि माप घ्यायला यांना कोट घालून उभं केलं. बाह्या मनगटावर संपत होत्या. खांदे नीट बसले होते. मी बाईंना विचारलं, तुम्ही शिंप्याकडे दिला होता का? त्या म्हणाल्या, याला कोणी हात लावलेला नाही.

खायला चांगलं मिळतंय, ताठ चालतात, त्यामुळे अंग भरलं असेल. मी ओवलेली सुई परत डब्यात टोचून ठेवली. पण साठीच्या पुढे माणसाचे हात लांब होत नाहीत, एवढं मला कळतं.

७ ऑक्टोबर

आजचा उपदेश अप्रतिम झाला. एकदाही अडखळले नाहीत. मंदिरात हुंदके ऐकू येत होते. मलाही अभिमान वाटला, पण थोडाच वेळ. उपदेशात त्यांनी लहानपणची एक गोष्ट सांगितली. नदी गोठली होती, बर्फावरून चालताना धाकटा भाऊ पाण्यात गेला.

यांना धाकटा भाऊ नाही. आणि यांच्या गावची नदी उन्हाळ्यात आटते, ती गोठणार कुठून?

घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, दाखला म्हणून सांगितलं. पण हे मला इथल्या भाषेत म्हणाले. आणि कप डाव्या हातात होता. जन्मभर उजव्या हाताने खडू धरलेला माणूस.

बूट काढले तेव्हा बघितलं. आत कागद नव्हता.

१६ ऑक्टोबर

मी नर्स आहे. डोकं ताळ्यावर ठेवून काम करायला शिकलेय. मेंदूला झटका आला असेल किंवा विस्मरण सुरू झालं असेल, असं धरून सगळं तपासलं. रक्तदाब ठीक. दोन्ही हात सारखे उचलतात. तोंड वाकडं नाही. आजची तारीख विचारली, वार विचारला, सोपी बेरीज घातली. सगळं बरोबर, सगळं इथल्या भाषेत. शेवटी शर्टाची बटणं लावत फार अदबीने म्हणाले, आभारी आहे, सिस्टर.

लग्न झाल्यापासून हा माणूस मला ‘अगं’ म्हणतो. चारचौघांतसुद्धा. मी कितीदा सांगितलं, मला नाव आहे. तरी ‘अगं’च.

मोरीत नळ सोडून रडून घेतलं. पुढच्या खोलीतून बाईंनी कोणाला तरी लाडाने हाक मारली. आणि हे ‘आलो’ म्हणून उठून गेले.

२१ ऑक्टोबर

थोरलीचा फोन आला. यांच्या हातात दिला. दोन मिनिटं ऐकत राहिले आणि मग विचारलं, आपण कोण? तिच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाले आणि फोन मला परत दिला. ती हमसून रडत होती. पप्पांना लगेच घेऊन ये, तिकिटं मी काढते म्हणाली.

मी तडक किल्लीवाल्यांकडे गेले. वाटलं होतं, टाळतील. पण त्यांनी काहीच लपवलं नाही, हेच जास्त भयंकर. मंदिराच्या खिडकीतून बोट करून त्यांनी मला पाळकसाहेबांची कबर दाखवली. दगडावर शेवाळ चढलंय. बाईंनी फार आकांत केला होता म्हणे, मंडळीला बघवेना. मिशनने मग दुसरा पाळक पाठवला. त्याला त्यांनी साहेबांचे कपडे दिले आणि साहेब परत आले. तो माणूस थकला की साहेब जातात, मिशन नवा पाळक पाठवतं, की साहेब परत येतात. बाईंना एकटं कसं ठेवायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. अगदी सरळ मनाने.

आणि ज्यांचे नवरे होते त्या बायका? बहुतेक घरी जातात, म्हणाले.

बहुतेक.

२५ ऑक्टोबर

आज हे अंघोळ करत असताना पाणी द्यायच्या निमित्ताने मी न्हाणीत गेले. यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी टेबलाशी उभी होते. टाके माझ्या डोळ्यांसमोर घातलेत. तो व्रण मला डोळे मिटूनही सापडेल.

नाही. कातडी कोरी. आणि खांद्यावर भाजल्याची जुनी खूण. ती यांची नाही.

कोट, बूट, चष्मा, वस्तरा, सगळं पोत्यात भरलं आणि कोळशाच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. यांचाच जुना स्वेटर घातला यांना. आता बघू.

२६ ऑक्टोबर

दुपारपर्यंत नखं निळी. नाडी हाताला लागेना. तीन रजया, गरम पाण्याच्या पिशव्या, मी स्वतः मिठी मारून पडले— अंगात ऊबच शिरेना. डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडले. बाई काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या.

मीच गेले. मीच कुलूप काढलं. कोटाची बटणं मीच लावली, एकेक करून.

गालांवर लाली आली. आभारी आहे, सिस्टर.

४ नोव्हेंबर

स्टेशनवर चला म्हटलं, तर लगेच तयार झाले. माझी बॅगही उचलली. माझी आशा किती वेडी! त्यांनी खिडकीवर एकच तिकीट काढलं. मला डब्यात बसवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि म्हणाले, माझ्या पत्नीची तुम्ही फार चांगली सेवा केलीत.

माझ्या पत्नीची.

गाडी हलली. ते फलाटावर हात हलवत उभे होते, पाहुण्याला निरोप देतात तसे. मी पुढच्या स्टेशनला उतरले आणि रडत रडत बसने परत आले. माझं माणूस इथे टाकून मी थोरलीला कुठल्या तोंडाने भेटू?

५ नोव्हेंबर

वरच्या खोलीत आता एकच पलंग. यांची उशी खाली, पुढच्या खोलीत. यांचे आपले कपडे वाटून टाकले म्हणे. स्वेटरसुद्धा.

११ नोव्हेंबर

किल्लीवाले पुडकं घेऊन आले. या वेळी माझ्यासाठी. करड्या रंगाचा एप्रन, स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला. बाईंचं दुखणं वाढलंय, घरात एक सिस्टर हवी. आधी एक होती. चांगली होती. तीही नवऱ्याबरोबर आली होती—

उद्याची गाडी किंवा हा, एवढंच म्हणाले. दोन्ही अगदी प्रेमाने.

घेतला नाही. घेत नाही असंही म्हणवलं नाही. स्वयंपाकघरात खुंटीला लटकतोय. तिकडे पाठ करून भांडी घासते.

१३ नोव्हेंबर

दुपारी हे बाईंच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. बोलण्याआधी दोनदा खाकरले.

हे यांचंच आहे! वर्गात शिरताना असेच खाकरायचे. पोरं नक्कल करायची, मीही करायची. सगळं गेलं, एवढं राहिलंय. मी गेले तर ते ओळखणारं इथे कोण आहे? एक दिवस तेही जाईल आणि कोणाला कळणारसुद्धा नाही.

थोरले, मला माफ कर. तुझ्या पप्पांना एकटं टाकवत नाही गं.

घातला. एप्रन फार मोठा आहे. खिसे गुडघ्यापर्यंत येतात. म्हणजे अजून मी मीच आहे. रोज काढून ठेवीन, रात्री नाही घालायचा—

१८ नोव्हेंबर

खिसे कमरेशी.

काढायला गेले तर हुडहुडी भरली. नखं बघितली. परत घातला.

विसरायच्या आत लिहिते. हे माझे. गणित शिकवायचे. मला अगं म्हणायचे. पोटावर उजवीकडे व्रण. थोरली— थोरलीचं नाव—

२० नोव्हेंबर

फोनवर कोणीतरी मुलगी रडत होती. आईला शोधतेय. भाषा कुठेतरी ऐकलेली वाटली. चुकीचा नंबर लागला, असं मी तिला सांगितलं. बिचारी. दिवसभर छातीत दुखत राहिलं, कशाने कोण जाणे.

२५ नोव्हेंबर

बाईंचे गुडघे शेकले. आज बरं आहे त्यांना.

साहेब चहाला स्वयंपाकघरात आले. फार सज्जन माणूस. बोलण्याआधी दोनदा खाकरतात. ते ऐकलं की मला उगाच भरून येतं.

आज माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग खाकरले, आणि विचारलं, सिस्टर, तुमचं लग्न झालंय का?

मी म्हटलं—