आवाज नसलेली एस्टी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

एस्टी गेली! डोळ्यांदेखत, पाठ दाखवून. मी डब्याची पिशवी धरून, सासरे टोपी घालून, दोघं घरात तयार बसलेलो. "कशाची वाट बघतोय आपण, मामा?" म्हटलं. म्हणाले, "आवाजाची."

आमच्याकडे घड्याळ बघून एस्टीला कोण जातं? गाडी कधी सातला, कधी आठला. खालच्या चढाला जुनी लाल गाडी कण्हायला लागली की मी गॅस बंद करायची, मामा चपला घालायचे, आणि ती फाट्यावर यायच्या आत आम्ही खाली. आजपासून विजेची गाडी. एवढा चढ चढली तरी हूं नाही की चूं नाही.

गावातल्या हनुमंताच्या टेम्पोतून भोर गाठलं. डायलिसिसचा नंबर गेलेला, पण रत्ना सिस्टरने दुपारचं मशीन दिलं. मंगळवार आणि शुक्रवार, मामांचं रक्त धुवावंच लागतं. हे एस्टीला कोण सांगणार?

बुधवार, ५ नोव्हेंबर

ह्यांना फोन केला. शिरवळच्या कंपनीत बसून सांगतात, बस कुठं आली ते मोबाईलवर दिसतं. दिसत असेल. आमच्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. म्हणजे सून टाकीवर आणि सासरे फाट्यावर!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज आधीच फाट्यावर जाऊन उभी राहिले. गाडी थांबवून धरली, मग मामा सावकाश उतरून आले. खरं सांगायचं तर गाडी झकास आहे. हिसके नाहीत, धूर नाही, मळमळ नाही. "लोण्यावानी चालती," मामा म्हणाले.

पण सेंटरमध्ये शेजारचा पलंग रिकामा. भाटघरचे सावळाराम असायचे तिथं. दोघं मशीनवर पडल्या पडल्या भाताच्या गप्पा मारायचे, एकमेकांच्या बैलांना नावं ठेवायचे. मी विचारलं तर रत्ना सिस्टर हळूच म्हणाली, "मंगळवारी सकाळी गेले. मशीन चालू असतानाच." मामांनी ऐकलं की नाही कळलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

येताना गाडीत विचारतात, "एक डाव न्हाई गेलं तर काय हुतं गं?"

"काहीतरीच काय, मामा," म्हटलं. चांगला माणूस होता सावळाराम. मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

सोमवार, १० नोव्हेंबर

फाट्यावर ना सावली, ना टेकायला दगड. दर वेळी तासभर आधी जाऊन उभी राहिले तर घरचं कोण करणार? मी कामाला उशिरा पोचते म्हणून अंगणवाडीत सेविका मंगलताईंनी आधीच तोंड वाकडं केलंय. "मदतनीस तू का मी?" म्हणाल्या.

मामाच म्हणाले, "म्या बसतो ओट्यावर. हितनं वळण दिसतंय. गाडी दिसली की हाक मारतो तुला." बरं वाटलं. स्वतःहून काहीतरी अंगावर घेतलं त्यांनी, किती दिवसांनी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

"आलीच न्हाई गं," मामा म्हणाले. नऊ वाजून गेले होते. मी एस्टीच्या सात पिढ्या उद्धरल्या. हनुमंत भाजी घेऊन पुण्याला गेलेला. दुसरी गाडी मिळेना. जाणं झालंच नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहाटे मामांना धाप लागली. पाय इतके सुजलेले की चपलेत जाईनात. हनुमंताला उठवून टेम्पो काढला. लगेच मशीन मिळालं म्हणून निभावलं.

डॉक्टर माझ्यावर चिडले. "एक दिवस चुकवला तर काय होतं, बघितलंत ना?" व्हरांड्यात उभी राहून रडले. मामा बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "तुजी काय बी चूक न्हाई, पोरी." त्याने जास्तच रडू आलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परत तेच! मी आत डबा भरत होते. खिडकीतून बघते तर गाडी फाट्याच्या पुढं गेलेली. मामा ओट्यावरच. "डोळ्यानी दगा दिला बग," म्हणाले. मोतीबिंदू असणार. मीही कुणाला राखणीला बसवलं! टेम्पोने पोचलो, उशिरा का होईना.

मामांचे डोळे दाखवायचे. आणि त्या कंडक्टरला गाठायचं. माणसं राहतात इथं, एक हॉर्न द्यायला काय जातं?

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी फाट्यावर एकटीच गेले, भांडायच्या तयारीनं. कंडक्टर सोनिया, माझ्याहून लहान पोरगी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अवो ताई, आमी दोनी डाव गाडी हळू केली. पर त्ये बाबा ओट्यावर उभं ऱ्हाऊन जावा, जावा म्हणून हात करत्यात."

डोळे चांगले आहेत मामांचे. कानही. सावळारामचं सगळं ऐकलं होतं त्यांनी.

घरापर्यंत रागानंच आले. मामा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. सुजलेली बोटं, एकेका शेंगेला किती वेळ. बोलायचं ठरवलेलं सगळं राहिलं. शेजारी बसले, चार शेंगा सोलल्या.

"मामा, त्या मशीनची मलापण भीती वाटते."

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली. मग म्हणाले, "मंग उद्या दवाखान्यात भाईर नगं थांबू. आत माज्यापाशी बस."