काळ्या मातीचा ज्वालामुखी

शनि., ११ जाने. २०२५, सायं. ६.१०. मुरुड.
नखांतली माती सुईने काढत बसलो आहे. आज शिकवणीत सातवीच्या मुलांकडून ज्वालामुखी करून घेतला. रानातली काळी माती, मध्ये औषधाची बाटली, तीत खाण्याचा सोडा आणि हळद, वरून चिंचेचा कोळ. लहानपणी नांदेडच्या शाळेत शेख सरांनी आमच्याकडून असाच करवला होता. माती आम्ही नदीवरून सदऱ्याच्या ओच्यात आणली, उरलेला कोळ चाटून संपवला. "लाव्हा खाल्ला रे यांनी!" म्हणत सर किती हसले. आज तोच आंबट वास...
फेस भळाभळा आला. मी सांगितलं, आपल्या रानातला काळा दगड असाच वितळून वर आला होता. वैष्णवीने विचारलं, "आता बी खाली आग हाय का, सर?" तेवढ्यात सहा वाजले, मुलं पळाली. उत्तर राहिलं.

सोम., १३ जाने.
वैष्णवी आली नाही. घरी गेलो. तिची आई दारातच म्हणाली, "मास्तर, दोन राती झाल्या, पोरगी झोपंना. भुई तापली का म्हनून हात लावून बघायली." मग हळूच, "त्र्याण्णवच्या भूकंपात मी आठ वर्षांची. लोक म्हनायचे, खाली ज्वालामुखी हाय. वरीसभर पत्र्याच्या शेडात झोपलो. पोरीला ते नको. न्हाई पाठवायची."
तसाच परतलो. मास्तर म्हणतात, पण माझी बारावीही पुरी नाही. शेख सर घंटा झाली तरी प्रश्न अर्धा सोडत नसत. त्यांच्यामुळे माझी डबा खायची सुट्टी कितीदा गेली! तेव्हा राग यायचा.

गुरु., १६ जाने.
भूगोलाचं जुनं पुस्तक काढलं. उत्तर वहीत दोनदा लिहिलं. आपल्याकडचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजला. ज्वालामुखी नाही, हे छातीठोक सांगता येईल. भूकंप वेगळा. तो पुन्हा होणारच नाही, असं कसं सांगू? आणि वैष्णवीच्या आईने तेच विचारलं तर...

रवि., १९ जाने.
सकाळी ज्वालामुखीचा डोंगर पाटीत घालून त्यांच्याकडे नेला, पुन्हा करून दाखवायला. वाळून चहूबाजूंनी तडकला होता. वैष्णवीची आई बघतच राहिली. "नुस्ती काळी माती? तडकनारच की! चुलीच्या मातीत भुसा कालवतेत. एवढं बी ठाव न्हाई अन् शाळा शिकवायले!" वैष्णवी तोंड दाबून हसली.
आईने डोंगर मोडला, माती भिजत घातली. मी वहीतलं सगळं सांगितलं. ती कालवत होती. मग तिनेच विचारलं, "अन् भूकंप?"
"येणारच नाही, असं मला म्हणता येत नाही, काकू."
तिने हाताची माती निपटली. मग वैष्णवीला भुसा आणायला धाडलं.
येत्या शनिवारी वैष्णवीला शिकवणीला पाठवाल का, विचारलं. "बघू," म्हणाली. नवा डोंगर तिच्याच अंगणात वाळतो आहे.