पाद्र्याचं खोडलेलं वाक्य

चंदीगड, फेब्रुवारी १९८८, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या मल्होत्रा सरांच्या पुस्तकाची शेवटची पानं टाइप करायची राहिलीत. उद्या छापखान्यात द्यायचीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका आयरिश पाद्र्याचं चरित्र. प्रार्थना, दफनं, आणि उरलेल्या वेळात झाडांच्या नोंदी. मुलगा लढाईत मारला गेला त्या दिवशी त्याच्या वहीत एवढंच आहे: दलदलीत पिवळी फुलं आली. सरांनी पुढे लिहिलं होतं, "त्या दिवशी तो रडला असेल." मी विचारलं होतं, पुरावा काय? ते हसले. "ठीक है, इंजिनियर साहिबा." आणि वाक्य खोडलं.

सर बसवरच्या गोळीबारात गेले, त्याला उद्या महिना होईल. आज प्रयोगशाळेत माझी त्या दिवशीची नोंद काढून पाहिली. बातमी अकराला कळली होती. साडेअकराला मी लिहिलंय: तापमान एकवीस, आर्द्रता त्रेचाळीस. अक्षर नेहमीसारखं. एवढंच वाचून माझ्याबद्दल कोणी काय समजेल?

संध्याकाळी खाली आंटींकडे, सरांच्या पत्नीकडे गेले. म्हटलं, ते वाक्य परत घालू का? चूक माझी होती.

त्या मटार सोलत होत्या. "ना बेटा. उस दिन नीचे आके बोले थे, लड़की सही कहती है. उनका काटा हुआ मैं कैसे जोड़ दूँ?"

वर आले, कागद मशीनवर चढवला. पिवळ्या फुलांपर्यंत टाइप केलं आणि पूर्णविराम दिला.

पाद्री रडला होता. मला माहीत आहे, आणि ते छापलं जाणार नाही.