डॉक्टरीणबाईंचा गालिचा आणि आमच्या भावजींचे दुकान

मी, डाग काढण्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे बाहत्तर, गुडघे सोडून बाकी शरीर शाबूत, डोके तर पूर्ण ठिकाणावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणणारे होते ते वारले. राग मात्र शिल्लक आहे, आणि तो मी शुद्धीत असताना, विचारपूर्वक वापरत आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि अंगावरचे दागिने माझ्या एकुलत्या एका मुलीला. घर ताब्यात आल्यावर तिने आधी न्हाणीघराची कडी बदलून घ्यावी. मी सांगून सांगून थकले.

२. माझे सात ब्रश आणि डागांची वहीही मुलीलाच. वहीत माझे सगळे आयुष्य आहे: सांडलेल्या मेणाला कागद आणि कोमट इस्त्री, सोफ्यावरच्या तेलाला पावडर, गंजाला लिंबू-मीठ, रक्ताला फक्त थंड पाणी. डाग बाहेरून आत टिपत यावा, घासू नये. आणि हात लावण्याआधी तो कशाचा आहे, हे गिऱ्हाइकाला विचारावे.

३. दिवाणखान्यातले पडदे माझ्या नणंदेला. त्यांवर कॉफी सांडून त्या मला म्हणाल्या होत्या, "अगं, हा आधीपासूनच होता." तो डाग मी मुद्दाम राखून ठेवला आहे. आता तो कायद्यानेही त्यांचा झाला.

४. मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेला क्रीम रंगाचा गालिचा डॉक्टरीणबाईंना परत द्यावा आणि सोबत हे कलम वाचून दाखवावे. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचा गुडघा फुटून त्यावर रक्त सांडले. गालिचा दुकानात आला तेव्हा मी मुलीच्या शाळेत गेले होते. भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, काही न विचारता त्यावर उकळते पाणी ओतले. उकळत्या पाण्याने रक्त धाग्यात बसते ते कायमचेच. मग घाबरून गोल गोल घासत सुटले, तर लोकर पिंजून निघाली. डॉक्टरीणबाई न्यायला आल्या तेव्हा भावजींनी खुशाल सांगितले, "वहिनींनी केलं हो हे. मी नको नको म्हणत होतो."

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे सगळ्यांसमोर मला म्हणाले, "उद्यापासून तू पुढे येऊ नकोस."

बाई गालिचा तिथेच टाकून गेल्यावर मी ह्यांना तो उलगडून दाखवला. गोल घासण्याची खोड घरात एकाचीच. ह्यांनी पाहिले आणि म्हणाले, "कळलं मला. पण भाऊ आहे माझा. चारचौघांत त्याचं नाव खराब व्हायला नको." माझे झाले तर चालणार होते. तेव्हापासून मी मागच्या मोरीवर बसून डाग काढले आणि भावजींनी पुढे उभे राहून शाबासकी घेतली. भावजींचा मला संताप येतो. ह्यांचे वाईट वाटते, ते अजून कमी झालेले नाही.

५. दुकान. ह्यांच्या पश्चात ते माझ्या मालकीचे आहे. शेवटच्या आजारात ह्यांनी माझा हात धरून विचारले, "दुकान माझ्या भावाच्या नावे लिहून देशील ना?" मी हो म्हटले. मुलगी तिथेच औषध चमच्यात ओतत उभी होती. बारा वर्षे तिने माझ्या बरोबरीने ब्रश चालवला आहे, पण तिला काय हवे हे विचारायचे कोणाला सुचले नाही. असो. दिलेला शब्द मी फिरवत नाही. सबब दुकान, आतील सामान आणि पाटी यांसह मी माझ्या धाकट्या दिरांना देत आहे. लिहून देशील का म्हणाले होते, लिहून दिले.

६. वरीलपैकी जे ज्याला दिले त्याला काही कारणाने मिळू शकले नाही, तर ते माझ्या मुलीला मिळावे.

७. वकीलबाईंनी मला एक नियम समजावून सांगितला. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. मी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. सोमवारी पहिली सही शेजारच्या शिंपीणबाई करतील. दुसरीसाठी मी भावजींना बोलावले आहे. सगळे कागद त्यांच्या हातात देईन, चष्मा पुसून देईन, आणि वकीलबाईंच्या देखत दोनदा सांगेन, "भावजी, वाचा आणि मगच सही करा." कागद वाचला की नाही, हे दोन्ही साक्षीदारांनी स्वतःच्या हाताने लिहावे. भावजींनी वाचले, तर ते सही करणार नाहीत. मग दुकान त्यांचे, आणि माझी काही तक्रार नाही. पण चाळीस वर्षे मी ह्या माणसाला ओळखते.

स्थळ: दुकानाची पुढची बाजू, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून.
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकरा वाजता.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:

१. शिंपीणबाई, शेजारचे दुकान. (सही)
"पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दोनदा वाचले."

२. लिहून देणारीचा धाकटा दीर. (सही)
"वाचलेले नाही. गिऱ्हाईक थांबलंय. वहिनींनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."