बेटावरचे घट

२६ सप्टेंबर १९८३
निपाणीहून जीपने आणि मग नावेने बेटावर पोचलो. धरणाचे पाणी चारी बाजूंनी लखलखत होते. वडगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून सुटलो एकदाचा! सरकारी काम लागले म्हणून आई शेजारी पेढे वाटत असेल. इथे एकवीस घरे आहेत. उन्हाळ्यात बेटावर राखाडी धूळ पडली, कुठून ते कोणी सांगत नाही; ती किरणोत्सर्गी आहे. शब्द साहेबांच्या कागदावरून नीट पाहून लिहिला. घरे धुवायची आणि जमीन चार बोटे खरवडायची, हे आम्हा नऊ जणांचे काम. दसऱ्याला साहेब तपासणीला येतील. यंत्राचा काटा घराघरात दहाच्या आत असला तर माणसे इथेच राहतील, नाहीतर सगळ्यांना उठवून घरे पाडणार. माझ्या जेवणाची सोय गंगव्वा नावाच्या एकट्या म्हातारीकडे आहे. भाकरी लुसलुशीत.

३० सप्टेंबर
खरवडलेली माती बेटाच्या टोकाला खड्ड्यात टाकतो. त्यावर सिमेंटचा थर द्यायचा आहे, पण सिमेंट अजून आलेले नाही. मोजायचे यंत्र माझ्याकडे असते. ते टिकटिकते म्हणून आमच्यातला बेळगुंदीचा भरमू त्याला रातकिडा म्हणतो. गंगव्वाने विचारले, ह्यो किडा चावतो व्हय रं? भरमू म्हणाला, चावतो, पण बिनलग्नाच्यालाच. ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, धरणानं एकदा उठवलं, आता पुन्यांदा उठायची न्हाय मी.

५ ऑक्टोबर
शेवटचे घर झाले. सगळीकडे काटा सहा-सात. तीनदा मोजले. बेटभर तांबडा मुरूम उघडा पडला आहे, मूठभरही काळी माती आम्ही राहू दिली नाही. मनाला बरे वाटले.

७ ऑक्टोबर
आज घटस्थापना. घरोघर देव बसले. गंगव्वाचा उपास, तरी मला गोडाचे वाढले.

९ ऑक्टोबर
गंगव्वाच्या घरात काटा एकोणीस. अंगणात सहा. पुन्हा आत गेलो, एकवीस. भरमूने बॅटरी बदलली. मग सगळी घरे मोजली. एकही दहाच्या आत नाही.

१० ऑक्टोबर
यंत्र धरून भिंतीभिंतीने सरकलो. उंबरा, चूल, कणगी, सगळीकडे कमी. देवासमोर काटा शेवटाला जाऊन टेकला. पत्रावळीवर काळी माती, मधे घट. तीन दिवसांत कोंब वीतभर वाढलेत, पांढरेफटक. गंगव्वा कौतुकाने सांगू लागली, घटाला रानातली काळी माती लागती. तुमी समदी खरवडून न्हेली, मग आणायची कुठनं? टोकाच्या खड्ड्यात आमच्याच रानाची हाय की. समद्या बायकांनी पाट्या भरून आणली.
आम्ही गोळा केलेली. मी स्वतः—

११ ऑक्टोबर
हात जोडले, घट उचला म्हणालो. बसलेला घट दसऱ्याआधी हलवत न्हाईत, म्हणाली. भरमूने हात घातला तर बायकांनी त्याला ढकलून बाहेर काढले. साहेबांना कळवले तर घरे पाडणार. न कळवले तर—
तपासणीच्या वहीत लिहिले: सहा, सात, सहा. अक्षर चांगले आले.

१३ ऑक्टोबर
गंगव्वाचे केस मुठीत येतात. उपासानं हुतंय रं, म्हणते. भरमू सकाळच्या नावेने गेला. सामानही नेले नाही. कोंब हातभर.

१५ ऑक्टोबर
यंत्रातली बॅटरी काढून खिशात ठेवली. तरी ऐकू येते—

१६ ऑक्टोबर, दसरा
साहेब आले. नावेतून उतरलेच नाहीत. वही पाहिली, सही केली, बेट राहण्यास योग्य. मला शाबास म्हणाले. गाव नाचले.
घट उठले. ते पांढरे तुरे पुरुषांच्या टोपीत, बायकांच्या अंबाड्यात, लेकरांच्या कानांवर. मी बघत—
गंगव्वा आली. पदराखाली केस उरलेले नाहीत. म्हणाली, तुझ्यामुळं ऱ्हायलो रं लेकरा. सगळ्यांत उंच तुरा तिने माझ्यासाठी ठेवला होता. नको म्हणता आले नाही. टोपीत खोवला.
साहेबांची नाव अजून दिसते. हाक मारली तर पोचेल. मारली तर तिचे घर—
टिकटिक. कानाशीच. बॅटरी खिशात आहे, चाचपून पाहिली—
नाव लहान झाली. गंगव्वा समोर बसून विचारते, काय लिवतोस? झ्याक लिही, म्हणते, आता आमी हितनं कुठंच—