नवव्या मशीनवरचं नाव

सोमवार, २५ नोव्हेंबर
आज वाडीत आलो. फार प्रसन्न वाटतंय! अमरावती रोडवर टायरच्या दुकानावर खोली मिळाली. खिडकीखालून दिवसभर ट्रक जातात आणि नीट ऐकलं तर त्यांच्या हॉर्नलाही वृत्त असतं. चौतीस वर्षं उमरेडच्या शाळेत मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या, कान तसेच झालेत. माझा जुना विद्यार्थी ऋषिकेश इथल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनचा मालक आहे. घरी एकटे बसून काय करता सर, म्हणाला, या आणि ऑफिसातले कागद सांभाळा. मुकादम शालिकराम यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मोनालीनं बजावलं, रोज एक कविता म्हणा लागन हं सर! त्यावर शालिकराम तिला म्हणाले, "पहिले मालाच्या बिल्ट्या तं नीट टाइप कर वं!"

मंगळवार, २६
काम समजलं. कॉम्प्युटर आठ, पण प्रिंटर एकच, गेटजवळच्या केबिनमध्ये. कुठूनही प्रिंट द्या, कागद तिथेच पडतो. त्यासाठी प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये तीन चौकटी भरायच्या : सर्व्हरचं नाव, प्रिंटरचं नाव, वापरणाऱ्याचं नाव. माझ्या आधीच्या मारोतरावांनी लिहून ठेवलेली यादी समोर घेऊन आठही मशीन भरली. यादीत नववंही होतं. गोडाऊनमध्ये ते कुठेच नाही, सर्व्हरवर मात्र दिसतं. मारोतरावांनी त्यापुढे लिहिलंय : नाव टाकू नये.

मास्तराला रिकामी जागा पाहवत नाही. दुपारीच शालिकराम हसत म्हणाले होते की साऱ्यांची नावं छापून येतात, आमचंच येत नाही. संध्याकाळी नवव्या मशीनपुढे त्यांचं टाकलं.

बुधवार, २७
तीन वाजून दहा मिनिटांनी प्रिंटर आपोआप सुरू झाला. गेटपास निघाला. इथे पासाशिवाय कुणी फाटक ओलांडत नाही. जाण्याची वेळ, परतण्याची वेळ, दोन्ही त्यावर असतात. यावर लिहिलेलं : शालिकराम, बाहेर ३.१०. परतण्याच्या जागी नुसती आडवी रेघ. कुणी काढला विचारलं, तर कुणालाच ठाऊक नाही. शालिकराम खूश. फुकटात पास भेटला तं चहा पिऊन येतो, म्हणाले.

सहापर्यंत आले नाहीत.

गुरुवार, २८
कोण शालिकराम, असं सगळे मलाच विचारताहेत! त्यांच्या जागी कुणी अंकुश बसलाय. सहा वर्षं झाली मुकादमी करून राहिलो गा, म्हणाला. म्हातारा भ्रमिष्ट झाल्यावर पाहतात तसं ऋषिकेशनं पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा चेहरा आठवेना. ही वही नसती तर मीही —

नाही. ही थट्टा आहे. शाळेतही नव्या मास्तराची करायचेच. सर्व्हर कुणाच्या हातात? मोनालीच्या. सकाळी माझ्याकडे पाहून हसत होती. नवव्या मशीनवरची नावाची चौकट पुन्हा रिकामी आहे. साडेतीनला तिथे तिचंच नाव टाकलं. उद्या कळेल कोण हसतं ते.

शुक्रवार, २९. सकाळी ११
मोनालीला खडसावलं. तिनं मोबाइल पुढे केला. "हे पाहा नं सर, शालिकरामभाऊ म्हणून नंबर सेव्ह आहे. मंगळवारले दोनदा बोलली मी ह्याच्यावर. कोण आहे हा? मले काहून आठवून नाही राहिलं?"

तोच नंबर पुन्हा पुन्हा वाचत होती ती. हे नाटक नाही. तिची पाच वर्षांची गुंजन शाळा सुटली की थेट इथेच येते — आईला शोधत — मी हे काय करून बसलो —

१.४०
नाव पुसलं. परत आलं. पाचदा पुसलं. ऋषिकेशला सांगितलं, तर घरी जा सर, आराम करा — प्रिंटरची पिन उपटली. तरी त्याचा छोटा पडदा विझत नाही. त्यावर तिचं नाव.

२.५५
पुसता येत नाही. वर दुसरं नाव टाकलं की मात्र घेतं. खोटं नाव टाकून पाहिलं, क्षणभर टिकलं, मग तिचंच परत आलं; खऱ्या माणसाचंच हवं. पण कुणाचं? अंकुश समोरच — नाही. कुणाचंच कसं —

माझं टाकलं. तिचं गेलं.

३.१०
कागद आला. माझा. पण मी उठणारच नाही. फाटकाकडे जाणारच —

दारात मोनाली. सोबत गुंजन. दोघी आहेत, सुखरूप आहेत. मोनाली हसली, परक्या माणसाकडे पाहून हसतात तसं. म्हणाली, "बाबाजी, कोण पाहिजे जी तुमाले?"

मी सांगितलं, अगं, मी — इथेच — माझं नाव