गव्हातील ओव्हन काढण्यासाठी समुद्रावरून संमती घेऊ देणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
लेखनसाधन निवड समिती,
नगरपालिका, पालेओस्कालो, उत्तर ग्रीस.

विषय : सामाईक दस्तऐवजातील एक वाक्य पूर्ववत करणेबाबत.
संदर्भ : आपली प्रश्नावली, 'लांब मजकूर एकत्र लिहिण्यास कोणते साधन सोयीचे वाटते?'

महोदय,

"गहू शिजले की फडक्यावर पसर, रात्रभर वाळू दे. आणि पुस्तकात हे असंच लिही पोली. एक शब्द बदललास तर मी वरून बघतेय." कै. इव्हान्थिया मावशींनी हे मला दवाखान्यात सांगितले. मी हो म्हटले. सबब हा अर्ज.

१. आमच्या चर्चच्या महिला मंडळाचे उपवासाच्या पदार्थांचे पुस्तक आपल्या अनुदानातून होत आहे. मृतांच्या नावाने वाटायच्या गव्हाचे प्रकरण मावशींचे. सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येईल असा दस्तऐवज आपले लिपिक अव्गेरिनोस यांनी संगणकावर उघडून दिला. मला म्हणाले, "पोलीमावशी, तुम्ही फक्त सुचवा, पक्कं मी करणार. नाहीतर बसाल एकमेकींचं मीठ खोडत."

२. या साधनात अनोळखी माणूस शिरला की त्यास प्राण्याचे नाव मिळते. एका संध्याकाळी 'अनामिक कोल्हा' गव्हात आला आणि 'रात्रभर वाळवा' याऐवजी 'ओव्हनमध्ये अर्धा तास' असे सुचवून गेला. अव्गेरिनोस यांनी ते मान्य केले आणि दुसऱ्या दिवशी आथोस पर्वतावरच्या मठात साधू व्हायला गेले. फोन मठाच्या दारात जमा केला. मान्यतेचे बटण अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि आथोसवर बाईमाणसाला पाऊल ठेवता येत नाही हे आपण जाणताच.

३. नवी प्रत केल्यास तो वेगळा दस्तऐवज होईल व अनुदान जाईल, तसेच मालकाची प्रत्यक्ष संमती दिसल्याशिवाय तंत्रज्ञ बटण दाबणार नाही, असे आपले कार्यालय कळवते. माझे त्यावर काही म्हणणे नाही.

४. प्रश्नावलीचे उत्तर असे. प्रत मेलने फिरवणे नको. मंडळाच्या चिटणीस मेल्पो यांच्याकडे 'शेवटची', 'अगदी शेवटची' आणि 'देवाशप्पथ शेवटची' अशा प्रती आहेत. शपथ घेणे निषिद्ध असल्याने तिसरी मी उघडलेली नाही. प्रत्येक बदलाचे कारण लिहून घेणारे साधन मला आवडले, ते पापाच्या कबुलीसारखे आहे. पण मेल्पो म्हणतात, "फादरना सांगत नाही ते यंत्राला सांगू होय?" सध्याच्या साधनाची मालकी मला देऊ नये. त्यात 'नाकारा' असे बटण आहे, आणि ईस्टरपर्यंत कोणाच्याही कामाला नावे ठेवायची नाहीत असे माझे व्रत आहे. कोल्ह्याच्याही.

५. येत्या शनिवारी मृतांचे स्मरण आहे. गहू ओले राहिले तर त्यांवर थापलेली साखर पाणी सोडते आणि तिच्यावर काढलेले मृताचे नाव विरघळते. यंदा पहिल्यांदाच मावशींचे नाव असेल, आणि नव्या सुना पुस्तकात वाचूनच करणार.

६. मठाधिपतींना मी पत्र लिहिले. उत्तर आले, "तो सकाळी धक्क्यावर लाकडं वाहतो. समुद्र काही आमचा नाही." म्हणून मावशींचे वाक्य मी गव्हाच्याच फडक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. बायका असलेल्या होडीला नेमून दिलेले अंतर राखून ते अव्गेरिनोस यांना दाखवीन. आपल्याकडे मान खाली गेली तर होकार आणि वर गेली तर नकार. लांबून ते कळणार नाही. तरी त्यांनी मोळी खाली ठेवल्यास संमती समजावी. मेल्पो दुर्बिणीतून साक्ष देतील. "मोळी जड आहे गं, तो तशीही ठेवेल," असे त्या म्हणाल्या. मी दुर्बिणीची काच पुसून त्यांच्या हाती दिली.

आपली बैठक शुक्रवारी आहे, हे ठाऊक आहे. पण आज वारा पडला आहे आणि मेल्पोंचे भाऊ दोर सोडत आहेत. हा अर्ज दाराखालून आत सरकवून मी निघते.

आपल्यासाठीही रोज एक मेणबत्ती लावणारी,
पोलिक्सेनी झारावेला
बुधवार, दि. २० मार्च २०२४

सोबत : फडके जोडलेले नाही. ते माझ्यासोबत होडीत आहे.